बीजा वाळेपर्यंत

मामाजी,

काल तुमची तेरवी झाली. पाहुण्यांच्या बैलबंड्या आज सकाळी सुटल्या. सासूबाई आतल्या खोलीत जरा पडल्या आहेत आणि मी ओसरीत येऊन बसले आहे, तुमच्या जागेच्या अगदी समोर. तुम्ही होतात तेव्हा मी इथे अशी कधी बसले नाही. सुनेनं सासऱ्यासमोर बसायचं नाही, त्याच्याशी थेट बोलायचं नाही, ही या घराची रीत. लग्न होऊन आले त्या दिवसापासून मी ती पाळली. आज पाळणार नाही. आज तुम्ही ऐका. मधेच "हट्" म्हणून पायात वहाणा सरकवून निघून जायची सोय आता तुम्हाला नाही. या तेरा दिवसांत माझ्या मनासारखी झालेली ही एवढी एकच गोष्ट.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. बोलेन. पण आधी लाकडाचं बोलू.

लाकडानं मला जेवढा त्रास दिला तेवढा या घरात कोणी दिला नाही, असं मी माहेरी सांगते तेव्हा माझी आई हसते. तिला वाटतं, मी चुलीतल्या ओल्या फाट्यांबद्दल बोलते आहे. तिला काय माहीत, सागवान, ऐन, बीजा, धावडा, गराडी या झाडांशी माझी सवत असावी तशी ओळख झाली आहे, आणि ती तुमच्यामुळे. तुम्ही अर्धं आयुष्य लाकडाच्या डेपोवर मुकादम होतात. ओंडक्याच्या एका टोकाला कुऱ्हाड उलटी धरून ठोकायचं आणि दुसऱ्या टोकाला कान लावायचा. आवाज खणखणीत आला तर लाकूड चांगलं, बद्द आला तर आतून पोकळ. डेपो सुटला, पण सवय सुटली नाही. दुसऱ्याच्या घरी जेवायला गेलात तरी आधी दाराची चौकट ठोकून पाहायचात. माझ्या भावाच्या लग्नात मांडवाचा खांब हलवून "हा पडते" म्हणालात आणि वरमायांचे चेहरे पांढरे केलेत. तो पडला नाही, मामाजी. मी तेव्हा सांगू शकले नाही, म्हणून आता सांगते. मांडव सोडेपर्यंत तो जागचा हलला नाही.

तुमचं माझ्याशी बोलणं या ओसरीच्या खांबामार्फत चालायचं. बाकीच्या घरांत सासरे सासूला सांगतात आणि सासू सुनेला. तुम्हाला तेवढा धीर कुठला. तुम्ही खांबाकडे तोंड करायचात.

"सांग गा त्या मास्तरीनबाईले, वरनात मीठ नाई."

मी आत उभी राहून खांबालाच उत्तर द्यायची. "मीठ ताटात वाढलं आहे म्हणा."

"ताटातलं मीठ का वरनातलं मीठ, फरक असते म्हना."

सासूबाई मधे बसून तांदूळ निवडत असायच्या. त्या एकदा वैतागून म्हणाल्या, "तुम्ही दोघं त्या लाकडाले येडं करान एक दिवस." आमचे हे, म्हणजे तुमचा लेक, बल्लारपूरच्या कारखान्यात. शनिवारच्या गाडीनं यायचे, रविवारी परत. त्यामुळे घरात तुम्ही, मी, सासूबाई आणि हा खांब.

मास्तरीण मला तुम्हीच केलंत. ते मी विसरलेले नाही. गावात मुलींचा वर्ग मंजूर झाला आणि शिकवायला बाई मिळेना. मी सातवी पास होऊन आलेली, पण गावात ते कोणाला सांगायची लाज वाटावी असं वातावरण. सून शाळेत जाऊन चार माणसांत बोलणार म्हणजे घराचं काय राहिलं? तुम्ही चावडीवर उभे राहिलात आणि म्हणालात, "माही सून शिकवन. कोनाले काही म्हनाचं आहे?" कोणालाच काही म्हणायचं नव्हतं. तुमचा आवाज तसा होता. मग घरी आलात आणि खांबाला सांगितलंत, "सांग तिले, सोमवारपासून जाचं आहे."

मला विचारलं नाहीत. मला आनंद झाला होता, आणि त्याच वेळी तुमच्या पाठीवर परात आपटावीशी वाटत होती. तुमच्याबद्दल मला जे काही वाटलं, ते पहिल्यापासून असं दुहेरीच वाटत आलं आहे.

सोमवारी तुम्ही माझ्या पुढे दहा पावलं चालत निघालात आणि प्रत्येक दारापुढे थांबून ओरडलात, "पोट्टी पाठव व! शाळा हाय!" ज्या घरातून मुलगी आली नाही, त्या घरापुढे तुम्ही नुसते उभे राहिलात. तुम्हाला दारात उभं ठेवणं कोणाला परवडत नसे. पहिल्या दिवशी वर्ग भरला तो तुमच्या उभं राहण्यानं भरला. हे चांगलं बोलायचं होतं, ते बोलून झालं.

आता शाळेच्या छपरीकडे येते.

वर्गाला मिळाली चावडीच्या बाजूची खोली. ठेंगणी, कवेलूची म्हणजे कौलांची, एकच खिडकी, तीही पश्चिमेला. माघ सरला की ती खोली भट्टी व्हायची. सकाळची शाळा केली तरी नऊच्या पुढे आत बसवत नसे. पोरी पाटीवर लिहायच्या आणि घामाचे थेंब पडून अक्षर पुसून जायचं. खोलीसमोर मोकळी जागा होती. तिथे चांगली लांबरुंद छपरी झाली तर उन्हाळा निभावणार होता. गावानं ठरवलं. कवेलू घराघरांतून, मजुरी सगळ्यांच्या हातांची, लाकूड निस्तारातलं, म्हणजे गावाच्या हक्काच्या जंगलातलं. लाकूड कोण निवडणार, हे कोणी विचारलंसुद्धा नाही. सगळ्यांनी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही मिशीवरून हात फिरवलात. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

तुम्ही बंडी जुंपून सकाळी जंगलात जायचात आणि संध्याकाळी रिकामी बंडी घेऊन यायचात.

"आनलं नाई?" खांबामार्फत मी विचारायची.

"ऐन होता. सरळ होता. पन ऐनाले आपल्या उन्हात उभं करा, दोन उन्हाळ्यात असा तडकते की भेगेत पोट्ट्याईचा हात जाईन. नाई आनला."

दुसऱ्या खेपेला धावडा. "कुऱ्हाडीच्या दांड्याले धावडा, बंडीच्या आसाले धावडा. जमिनीत गाडाले नाई." तिसऱ्या खेपेला सालई पाहिली आणि तिला शिव्या देतच घरी आलात. सालई म्हणजे उदईचं जेवण. उदई म्हणजे पुस्तकातली वाळवी; आमच्या पोरी परीक्षेत अजूनही उदईच लिहितात. मोहाचं नाव मी चुकून काढलं तर खांबाला असं बोललात की बिचाऱ्या खांबाला वाईट वाटलं असेल. "मोह तोडते म्हंते! मायच्या अंगावर कुऱ्हाड चालवते काय?" बरं, सागवान? ते निस्तारात येत नाही. सरकारच्या हातोड्याचा शिक्का नसलेला साग दारात दिसला तर छपरीआधी चौकशी उभी राहते. ते मलाही ठाऊक होतं.

एका उन्हाळ्याच्या तोंडाशी तुम्हाला अखेर बीजा सापडला. त्या दिवशी तुम्ही बंडीवर उभे राहून आलात. लाकूड तोडलेल्या जागी रक्तासारखा लाल पाझर. तुम्ही सगळ्या गल्लीला तो दाखवलात. "हे लाकूड! उन्हाले भीत नाई, पान्याले भीत नाई, उदई तोंड लावत नाई!" मीही दारात येऊन पाहिलं. खरंच सुंदर होतं. मी मनात म्हटलं, चला, सुटलो.

तुम्ही ते ओंडके आंगणात आंब्याच्या सावलीत दगडांवर रचलेत, मधे फटी ठेवल्यात, टोकांना शेण लिंपलंत आणि खांबाला म्हणालात, "वाळू दे."

"किती?"

"वलं लाकूड उन्हात उभं केलं तर आकसते. जोड सुटते. कवेलू घसरते. पोट्ट्याईच्या डोक्यावर पाडाचे काय? वाळू दे."

ते खरं होतं, मामाजी. खरं होतं म्हणूनच जास्त चीड येत होती. चुकीच्या माणसाशी भांडता येतं. बरोबर असलेल्या हट्टी माणसाचं काय करायचं? तुम्ही रोज सकाळी दात घासत आंगणात जायचात, ओंडका ठोकायचात, कान लावायचात आणि मान हलवायचात. एक उन्हाळा गेला. पावसाळ्यात ताडपत्री टाकलीत. दुसरा उन्हाळा आला. आपला जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला. शाळेतला नकाशा बदलला, रजिस्टरावरचा शिक्का बदलला, आणि तुमचा बीजा वाळत नव्हता.

त्या उन्हाळ्यापुरता तुम्हीच मांडव घालून दिलात. बांबूच्या बल्ल्या, वर पळसाच्या फांद्या. "दोन महिन्यासाठी काय, बांबू चालते," हे तुमचे शब्द. चैत्र संपता संपता भर सकाळी वावधान आलं. धूळ, पानं, कोणाचं तरी लुगडं, सगळं आकाशात. मी पोरींना खोलीत ढकलत होते आणि मांडव एका बाजूनं उठला. शेवंता मागे राहिली होती. बांबू तिच्या कपाळावर बसला. रक्त पाहून मी पदर फाडून बांधला आणि तिला उचलून तिच्या घरी नेलं.

तिची आई, पार्बताबाई, दारातच म्हणाली, "बाई, घरात उकडून मरन, नाईतर भाईर बांबू पडून मरन. त्यापरीस माही पोट्टी शेन थापन. जाजो तू."

शेवंताची जखम भरली, पण ती शाळेत आली नाही. मग दुसरी आली नाही, मग तिसरी. तुम्ही परत दारांपुढे जाऊन उभे राहिलात, पण यावेळी दारं उघडली नाहीत. रक्त सगळ्यांनी पाहिलं होतं. पुढच्या थंडीत डिप्टी साहेब शाळा तपासायला आले, रिकाम्या सतरंजीकडे पाहिलं आणि म्हणाले, सावलीची सोय नसेल तर उन्हाळ्यात वर्ग भरवू नका, उरलेल्या मुली मुलांच्या शाळेत बसवा. मुलांच्या शाळेत आमच्या गावातली एकही मुलगी जाणार नव्हती. ते त्यांना माहीत नसेल. तुम्हाला आणि मला होतं.

मी घरी आले आणि खांबाला म्हणाले, "सांगा त्याईले, उद्या बीजा उभा करा म्हणा."

तुम्ही आंगणात गेलात, ठोकलंत, कान लावलात. "अजून एक उन्हाळा."

"तोवर शाळा राहणार नाही म्हणा!"

"वला खांब उभा करून पाडाचा, त्यापरीस नाई उभा केलेला बरा म्हना."

"मग गराडी आणा म्हणा."

मामाजी, त्या क्षणी तुमचा चेहरा मी पाहिला नाही. मी आत होते. ऐकू आलं ते एवढंच: "गराडी कुंपनाले लावते. इखाचं झाड हाय ते. पोट्ट्याईच्या शाळेले इखाचं झाड?" आणि वहाणांचा आवाज.

गराडीचा पाला विषारी असतो, हे या भागात लहान लेकरालाही सांगतात. पण पाला वेगळा आणि खांब वेगळा. शेजारच्या राजोबाईच्या वाडीचं कुंपण गराडीच्या बल्ल्यांचं होतं. तिच्या सासऱ्यानं गाडलेलं, आणि राजोबाईचीच नातवंडं आता त्यावर चढत होती. गराडी सरळ वाढते, मनगटाएवढी ते मांडीएवढी, फोडावी लागत नाही, गोलच वापरायची. म्हणून बीज्याच्या जाड ओंडक्यासारखी वर्षानुवर्षं वाळवत बसावी लागत नाही. उदई तिच्या वाटेला जात नाही. मी हे सगळं खांबाला अनेक वेळा सांगितलं. उत्तर एकच. इखाचं झाड.

मग त्या फाल्गुनात तुम्ही सिरोंच्याकडे नणंदबाईंच्या घरी नातीच्या लग्नाला गेलात. मी राजोबाईकडे गेले. ती गोंडाची बाई, तिचे दोन भाऊ जंगलाच्या कामात मुरलेले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "बुढा येऊन मारन नाई ना?"

"मारणार नाही. ओरडेल."

"वरडू दे. तो नाई वरडला तं मले करमत नाई."

तिच्या भावांनी अंधाऱ्या पाखात, म्हणजे अमावास्येच्या अलीकडे, गराडी तोडली. त्या दिवसांत तोडलेल्या लाकडात रस कमी असतो आणि घुण लागत नाही, असं ते म्हणाले. साल काढली. गावातल्या बायांनी घमेल्यानं माती उचलली. पुरुष आधी लांब उभे होते, तुम्हाला भिऊन. मग पार्बताबाईनं नवऱ्याच्या हातात कुदळ दिली. हो, तीच. शेवंताला घेऊन आली होती. तुम्ही परत येण्याआधी छपरी उभी राहिली, कवेलूसकट.

तुम्ही आलात ते थेट शाळेकडूनच आलात, हे तुमच्या पावलांवरून कळलं. मी चुलीपाशी होते. खांबाला काय ऐकावं लागणार म्हणून मी तयार होते. पण तुम्ही खांबाशी बोलला नाहीत. आतल्या दारात येऊन उभे राहिलात आणि माझ्याकडे पाहून, इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे पाहून, म्हणालात:

"बुड जाळलं काय?"

मला काही समजेना. सवयीनं मी ओसरीकडे तोंड केलं. "नाही म्हणा."

"खांबाचं बुड जमिनीत घालाच्या आधी जाळा लागते. करपवा लागते. बिब्याचं तेल लावा लागते. खाली दगड द्या लागते. नाई केलं तं गराडी काय न सागवान काय! काऊन नाई केलं?"

आणि दुसऱ्या दिवसापासून तुम्ही एकेक खांब उपटलात. नवी कोरी छपरी! एका बाजूला टेकू लावून, एकेक खांब काढून, त्याचं बुड आगटीवर काळं करून, बिब्याचं तेल चोपडून, खाली सपाट दगड ठेवून परत उभा. तोपर्यंत पोरी परत उन्हात. मी दातओठ खात शिकवत होते. समोर धूर, ठोकाठोकी, तुमचं ओरडणं. पोरी पाढे म्हणत होत्या आणि तुम्ही मधेच "हान!" म्हणायचात, की सात नव्वे गडबडायचं. बिब्याचं तेल तुम्ही कोणाला हात लावू दिलं नाही. "उतते," म्हणालात, "तुम्ही सरा." स्वतः केलंत. शेवटचा खांब उभा राहिला त्या दिवशी तुमच्या अंगावर बिबा उतला. हात, मान, चेहरा, डोळे सुजून बंद. फोडच फोड. सासूबाई तीळ-खोबरं वाटून लावत होत्या, आणि तुम्ही बाजेवर पडून दक्षिणेकडच्या खांबाचा दगड तिरपा बसल्याचं सांगत होतात.

त्या दुपारी सासूबाई मला म्हणाल्या. वाटणाचा हात थांबवून, हळू आवाजात. "याईची धाकटी बहीन होती व. सोना नाव. सासरी लय जाच होता. एकदा माहेरी आली तं मांगं लागली, मले नोको पाठवू म्हने. बापानं पाठवली. याईनंच बंडी हाकलत नेऊन पोचवली. पंधरवडा नाई झाला. गराडीच्या पाल्यानं गेली पोट्टी."

मी उठले. पदर डोक्यावर होता की नाही, मला आठवत नाही. तुमच्या बाजेपाशी जाऊन उभी राहिले आणि खांबाला नाही, तुम्हाला म्हणाले, "सांगायचं होतं ना."

तुम्ही सुजलेला डोळा उघडायचा प्रयत्न केलात. "कोन सांगितलं?"

"सासूबाईंनी. आधी का नाही सांगितलं? ऐन सांगितला, धावडा सांगितला, सालईला शिव्या घातल्या. ही एक गोष्ट सांगायला काय झालं होतं?"

"लाकडाचं बोलनं सुरू होतं."

"मी आणली नसती गराडी."

"म्हनून तं," तुम्ही म्हणालात. "उभी केल्यावर सांगितलं असतं तं तू सारे खांब काढले असते. मंग पोट्ट्या कुठी बसल्या असत्या?" आणि भिंतीकडे तोंड केलंत.

मामाजी, त्या उत्तराचा मला अजून राग आहे. मी चुकले असं मी म्हणणार नाही. गराडी आणली नसती तर वर्ग बंद झाला असता, आणि तुमचा बीजा आंगणात वाळत पडला असता. पण एक वाक्य तुम्ही बोलला असतात तर मी वेगळं काही शोधलं असतं. राजोबाईला विचारलं असतं, चांद्याला गेले असते, दगडाचे खांब उभे केले असते. तुम्ही ते वाक्य गिळलंत. एवढा मोठा आवाज तुमचा. अख्ख्या गावाची दारं त्या आवाजानं उघडली, आणि तुमच्या स्वतःच्या मनाचं एक दार तुम्हाला उघडता आलं नाही? मला शाळेत का पाठवलंत, दारोदार उभे राहून मुली का गोळा केल्यात, हेही मला त्याच दुपारी कळलं. ते तुमच्या तोंडून कळायला हवं होतं. मला हक्क होता त्याचा.

त्यानंतर आपण थेट बोलायला लागलो. म्हणजे थेट भांडायला लागलो. रीत मोडली म्हणून सासूबाई चार दिवस पुटपुटल्या, मग त्यांनाही खांबापेक्षा ते सोयीचं वाटलं. सोनाचं नाव मात्र तुम्ही परत काढलं नाहीत, आणि मीही नाही.

गेल्या उन्हाळ्यात तुमचा दम वाढला. घर तापायचं, म्हणून तुम्ही राजोबाईच्या भावाकडून बाज उचलवून छपरीत आणलीत. रोज सकाळी शाळेत. मी "वाक्यात उपयोग करा" म्हणायची आणि बाजेवरून यायचं, "तो वासा आवाज करते. आयकलं काय?" पोरी खुदखुदायच्या. शेवंता तर तुमची नक्कल करायची, खांबाला कान लावून. मी एकदा सगळ्यांसमोर म्हटलं, "मामाजी, शाळा माझी आहे की तुमची?" तुम्ही म्हणालात, "शाळा तुही. छपरी गराडीची. गराडीचा भरोसा नाई, म्हनून ध्यान ठेवून राह्यलो." पण त्याच गराडीला तुम्ही पाठ टेकून बसायचात. ऊन वर चढलं की डोळे मिटून, एक हात मागे नेऊन खांबावर ठेवलेला. मी ते पाहत होते. तुम्ही ठोकून पाहताय असंच मला वाटून घ्यायचं होतं, आणि तुम्हालाही.

"पाच उन्हाळे," तुम्ही म्हणायचात. "पाच उन्हाळ्याच्या वर ते टिकत नाई. पाहजो."

"पंचवीस टिकते," मी म्हणायची. "पाहा तुम्ही."

पाहा तुम्ही, म्हणाले होते मी. आणि तुम्ही काय केलंत? माघाच्या थंडीत छातीत कफ धरला, तीन दिवस आगटीपाशी बसून "सालई नोको टाकू, धूर होते" एवढंच बोललात, आणि निघून गेलात. हिशेब अर्धा टाकून. ही तर खास तुमची रीत. आता छपरी पाच उन्हाळे टिकली तरी सांगू कोणाला? दक्षिणेचा खांब उद्या वाकला तरी "म्हनलं होतं" कोण म्हणणार? मी जिंकले तरी त्यात काही राहिलं नाही, आणि हरले तर ऐकवणारं कोणी नाही. बीजा अजून आंगणात आहे. सासूबाई त्यावर मिरच्या वाळवतात. तो वाळला की नाही, हे मला कळत नाही. मी काल ठोकून पाहिलं. मला नुसता ठोकल्याचा आवाज आला.

काल जेवणं उरकल्यावर सरपंच उठले. म्हणाले, छपरीवर तुमच्या नावाची पाटी लावू, स्मरणार्थ म्हणून. आमचे हे लगेच हो म्हणाले, डोळे भरले होते त्यांचे. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, शाळा माझी म्हणून.

मी म्हणाले, "नाई."

बायकांत कुजबूज झाली. सून कठीण काळजाची, अशी. हे अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. त्यांना मी काय सांगू? त्या छपरीतला एकही खांब तुम्ही निवडलेला नाही, आणि एकही खांब तुमचा हात लागल्याशिवाय उभा नाही. कोणाचं नाव लिहायचं? आणि लिहायचंच तर गावाच्या एका लेकीचं नाव आहे, जे कोणी कधी कुठे लिहिलं नाही. ते लिहायची परवानगी तुमच्याकडून घ्यायची राहिली. तुम्ही दिली असती की नाही, ते मला सांगता येत नाही. अजून एक खरं कारण आहे. पाटी लागली की माणूस शहाणा होतो. मग त्याच्याबद्दल हात जोडून बोलतात. मला तुमच्याशी हात जोडून बोलायचं नाही, मामाजी. मला भांडायचं आहे. आपलं भांडण अजून संपलेलं नाही आणि मी ते संपवणार नाही.

तुम्ही मला खूप दिलंत. हे एकदाच सांगते आणि परत सांगणार नाही, कारण तुम्ही "हट्" म्हणाल.

उद्यापासून सकाळची शाळा सुरू होते. शेवंता यंदा चौथीला आहे. फळा पुसायचा आहे, नव्या पोरींची नावं लिहायची आहेत, आणि दोन घरं अशी आहेत जिथे कोणीतरी जाऊन दारापुढे उभं राहावं लागेल. मला तुमच्यासारखं ओरडता येत नाही. उभं राहता येतं.

येते.